आप्पांनी क्लच उघडला तो रविवार

अक्का माहेरी परत आली ती मोटरसायकलसकट. दुपारची वेळ होती. माय अंगणातल्या खाटेवर ज्वारीचे बिबडे वाळत टाकत होती आणि मी शेजारी बसून कावळे हाकत होते, म्हणजे खरं तर ओले बिबडेच खात होते. तेवढ्यात सिल्वासाच्या टोकरखाड्यातल्या आमच्या कॉलनीच्या बोळात एक टेम्पो उलटा उलटा शिरला. मागे दोरखंडाने बांधलेली लाल गाडी आणि पुढे ड्रायव्हरशेजारी मांडीवर पत्र्याची पेटी घेऊन बसलेली माझी थोरली बहीण. सोबत दाजी नाहीत, सासरा नाही, सासू नाही. लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं. अक्का खाली उतरली, मायच्या पाया पडली आणि सरळ आत जाऊन मोरीत हातपाय धुवायला लागली, जशी काही बाजारातून भाजी घेऊन आलीय. सासऱ्यांचा निरोप दिला तो टेम्पोवाल्याने. "काकाने बोला है, पहले गाडी बराबर करके भेजो, पीछे बहू को भेजना." मायच्या बोटांवरचं पीठ तसंच सुकलं. मला आधी त्या वाक्यातला क्रमच कळेना. आधी गाडी, मग बहू. मी टेम्पोवाल्याला पुन्हा विचारलं तर त्याने पुन्हा तेच सांगितलं आणि गाडी उतरवायला शेजारच्या दोघांना हाक मारली.

आज कोणी विचारलं तर मी त्या गाडीला सरळ हुंडा म्हणते. तेव्हा आम्ही 'गाडी दिली' असं म्हणायचो आणि तेही तोऱ्यात. आप्पा, म्हणजे आमचे वडील, मसाटच्या एका कारखान्यात मेन्टेनन्सचे फिटर होते. शिरपूरकडची कोरडवाहू जमीन भावांच्या हवाली करून ते सिल्वासात आले, तेव्हा इथे पावसाळ्यात कुत्र्याच्या छत्र्या उगवाव्यात तसे कारखाने उगवत होते. ती शंभर सीसीची टू-स्ट्रोक त्यांनी शोरूममध्ये उभं राहून, इंजिनाला कान लावून निवडली होती. आपल्या लेकीला दिलेली वस्तू खोटी निघणार नाही याचा त्यांना लेकीपेक्षा जास्त अभिमान होता, असं मी म्हटलं तर माय तेव्हाही चिडायची. दाजी राखोलीच्या एका सूत कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. अंगाने धिप्पाड, आवाजाने बारीक आणि स्वभावाने इतके गरीब की लग्नात कान पिळायला आलेल्या आमच्या मामेभावालाच त्यांनी 'लागलं का' म्हणून विचारलं होतं. त्यांचे आईवडील साक्रीकडचे, लेकाजवळ राहायला आलेले. घरात आम्ही त्यांना व्याही आणि विहीणबाई म्हणायचो. विहीणबाईंचं तोंड मोठं होतं आणि माय त्यांना घाबरून असायची.

काय झालं ते अक्काने संध्याकाळी सांगितलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापता थापता, मान वर न करता. व्याही बाजारातून ज्वारीचं पोतं घेऊन दाजींच्या मागे बसले होते. दमणगंगेच्या पुलाकडचा चढ आला आणि गाडी नुसती कोकलायला लागली. आवाज आभाळाला आणि चाक जागच्या जागी. नेमकी पाळी सुटलेली. धोतर वर खोचून व्याह्यांना गाडी ढकलावी लागली आणि सूत कारखान्यातल्या झाडून सगळ्या पोरांनी ते पाहिलं. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं की याह्यांनी, म्हणजे आप्पांनी, जुनी गाडी रंगवून आपल्या गळ्यात मारली. दुसऱ्या दिवशी टेम्पो दारात. "आणि दाजी काय म्हणाले?" मी विचारलं. अक्काने भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावरून पाणी फिरवलं आणि म्हणाली, "ते काय म्हनतीन?" ती रडत नव्हती. मला वाटलं, धक्क्याने तिचं रडूच आटलंय. पुढचे दिवसही ती तशीच वावरली, भांडी घासली, मायचं डोकं विंचरून दिलं आणि आप्पांनी दाजींचं नाव काढलं की उठून मागच्या दारी जायची.

इथे आप्पांच्या डाव्या हाताविषयी सांगायला हवं. कारखान्यात आल्या आल्या त्यांची दोन बोटं प्रेसखाली गेली होती. त्यांच्याकडे आधी एक जुनी जड मोटरसायकल होती आणि तिचा क्लच त्यांच्याने धड दाबला जात नसे. म्हणून अक्का लहान असताना ते तिला टाकीवर बसवायचे. क्लच तिच्या हातात. "दाब," असं आप्पा म्हणायचे, की ती दोन्ही हातांनी दांडा ओढायची. "आते सोड. सावकाश. अजून सावकाश." मी मागे मायच्या मांडीवर. शनिवारच्या बाजाराला, दवाखान्यात, नदीवर, आमचं सगळं कुटुंब असं अक्काच्या बोटांवर हिंडायचं. ती मोठी झाली तशी पुढून मागे गेली, पण रिकाम्या रस्त्यावर आप्पा तिला एकटीला गाडी देत. माय ओरडायची, "तिले सासरी धाडनं शे की फौजमा?" आप्पा हसायचे. आता आमच्याकडे बिनगिअरच्या गाड्या आहेत आणि माझ्या सुनेला क्लच म्हणजे काय हे समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून इथेही सांगते. इंजिनाशेजारच्या डब्यात चकत्या असतात, एक खरबरीत, एक पोलादाची गुळगुळीत, अशा एकाआड एक, तेलात बुडालेल्या. दांडा सोडला की त्या एकमेकींना घट्ट धरतात आणि इंजिनाचं बळ चाकाला मिळतं. संसारी माणसाच्या हातात त्या वर्षानुवर्षं टिकतात. पण इंजिन किंचाळत ठेवून, दांडा अर्धवट सोडून, उभ्या जागेवरून गाडी उडवायची म्हटलं की त्या एकमेकींवर घासतात, तापतात आणि जळतात. मग दांडा सोडूनही धरत नाहीत.

आप्पांनी त्या लाल गाडीला एकदाच किक मारली. बोळात पुढे दोन हात गेली आणि कोकलायला लागली. ते खाली उतरले, डब्यापाशी नाक नेलं, ताठ उभे राहिले. जळल्याचा असा वास मी आधी घेतला नव्हता. रबर, केस आणि करपलेलं दूध एकत्र केल्यासारखा. "ही गाडी पळाडेल शे," आप्पा म्हणाले. शर्यतीत पळवली आहे. त्यांचा चेहरा पाहून मी दोन पावलं मागे सरले.

मसाटच्या वसाहतीत सुट्टीच्या दिवशी रस्ते ओस पडायचे. वापीकडची, दमणकडची पोरं गाड्या घेऊन यायची. दोन गाड्या शेजारी शेजारी, मध्ये एकजण रुमाल घेऊन उभा. रुमाल पडला की सुटायचं आणि पुढच्या कारखान्याच्या गेटपर्यंत जो आधी पोचेल तो जिंकला. नियम एकच, गाडी कंपनीतून आली तशीच पाहिजे, आतला एक नटही बदललेला चालायचा नाही. त्यामुळे इंजिनं सगळ्यांची उन्नीस-बीस, खेळ सगळा क्लचचा. ज्याचा धरला तो पुढे, ज्याचा जळला तो गाडी ढकलत घरी. दोन-चार सुट्ट्यांच्या वर कोणाचाच टिकायचा नाही. हे आप्पांना त्यांच्या गेटवरच्या वॉचमनने सांगितलं होतं आणि हेही सांगितलं होतं की तुमचे जावई तिथे दिसतात बरं का, लाल गाडीपाशी. आप्पांनी तेव्हा ते कानाआड केलं होतं. आता मात्र दोन आणि दोन चार झाले. जावयाने गाडी शर्यतीत जाळली, बापापुढे तोंड शिवून बसला, आणि घराबाहेर कोण निघालं? आमची पोरगी. आप्पा इतके संतापले की त्यांनी हातातला पाना भिंतीवर भिरकावला. भिंतीचा पोपडा पडला तो मायने झाडून काढला.

कारखान्यात आप्पांची एक रीत होती. मशीन बंद पडलं की चालवणारे म्हणणार मेन्टेनन्सचा दोष, मेन्टेनन्सवाले म्हणणार तुम्ही हाणलं. म्हणून बंद मशीन एकट्याने कधी उघडायचं नाही. दोन्हीकडची माणसं समोर उभी करायची आणि त्यांच्या डोळ्यांदेखत झाकण काढायचं. आत जे निघेल ते सगळ्यांनी मानायचं. आप्पांनी ठरवलं, इथेही तसंच. व्याह्यांना, विहीणबाईंना आणि दाजींना रविवारी जेवायला बोलवायचं आणि त्यांच्यासमोर क्लच उघडायचा. लेकीच्या संसाराला ब्रेकडाऊन समजणारा माणूस मी पुन्हा कुठे पाहिला नाही. पण त्या वेळी मला ते फार न्यायाचं वाटलं आणि मी शेजारच्या हंसाबेनलाही तसं ऐटीत सांगून आले. अक्का मात्र पांढरीफटक पडली. "आप्पा, नका उघडू. नव्या प्लेटा टाका अन् मिटाडा ना," ती म्हणाली. आप्पा म्हणाले, "कसाले? चोरी आपन करेल शे का?" तिने आणखी दोनदा विनवलं. मायने तिला गप्प केलं, कारण मायलाही वाटत होतं की एकदाचं सत्य बाहेर यावं, म्हणजे पोरगी मानाने नांदायला जाईल. प्रश्न तेवढाच होता आमच्या घरात, अक्का पुन्हा नांदायला जाणार की नाही. कोणाला झोप येत नव्हती ती त्यापायीच.

रविवारी मायने मांडे केले. मागच्या दारी तीन विटांवर मोठं खापर पालथं घातलं, पुरण भरलेली पोळी हातांच्या पालथ्या बाजूवर खेळवत खेळवत रुमालाएवढी केली आणि खापरावर पसरली. असे मांडे ती फक्त मोठ्या मानाच्या पाहुण्यांसाठी करायची. कटाची रस्सी उकळत होती, भजी तळून झाली होती. व्याही खुर्चीवर बसले, विहीणबाई चटईवर भिंतीला टेकून, दातांना तपकीर लावून. दाजी उंबऱ्यात उभे राहिले ते उभेच. अक्काकडे त्यांनी एकदाच पाहिलं. आप्पा म्हणाले, "याही, आधी काम. मंग जेवन." ओट्यावर वर्तमानपत्र पसरून त्यांनी गाडी आडवी कलती केली, तेल काढलं, बोल्ट सोडवले आणि झाकण ओढलं.

त्या वासाने मायच्या पुरणाचा वास मारला. हंसाबेन तिच्या खिडकीतून नाकाला पदर लावून "शुं बळ्युं, बेन?" म्हणून विचारायला लागली. आप्पांनी स्प्रिंगा काढल्या आणि एक एक चकती कागदावर मांडायला सुरुवात केली. खरबरीत चकत्या आरशासारख्या गुळगुळीत आणि काळ्या. पोलादी चकत्यांवर मोरपंखी निळे डाग, दोन तर चक्क एकमेकींना चिकटलेल्या. आप्पांनी त्या नखाने सोडवल्या. "दखा, याही. गाडी जुनी नही शे. गिअर दखा, बोल्ट दखा, सर्वं नवं. जयेल शे ते इतलंच. घरना मानूसना हातमा हाई जयत नही." जळलंय ते एवढंच आणि घरच्या माणसाच्या हातात हे जळत नाही. मग उंबऱ्याकडे वळून ते साध्या मराठीत म्हणाले, "जावईबापू, मसाटच्या रस्त्यावर रुमाल पडतो तेव्हा तिथे कोण असतं, ते तुमच्या वडिलांना तुम्ही सांगता की मी सांगू?"

मला अजून आठवतं, मला त्या क्षणी आनंद झाला होता. आप्पा जिंकले होते. व्याह्यांनी चकती उचलून पाहिली, लेकाकडे पाहिलं. दाजी एवढंच म्हणाले, "हो. चूक माझीच आहे." व्याही खुर्चीवरून उठले तेच पायातली वहाण हातात घेऊन. "पूलवर माले धोतर खोचाले लावं तू? अन् तोंडमाईन शबद नही?" त्यांनी हात उगारला. दाजी हलले नाहीत. एवढा मोठा माणूस मान खाली घालून उभा राहिला, मार खायला तयार.

"मी चलाडी."

आधी मला कळलंच नाही कोण बोललं. अक्का मागच्या दारातून आली होती, कोपरांपर्यंत पीठ. "गाडी मी चलाडी. दर सुट्टीले मीच चलाडी. यासना काही दोष नही." व्याह्यांचा हात वरच राहिला. माय खापरापासून उठून आली, तिच्या हातावर अर्धा पसरलेला मांडा होता आणि तो घसरून जमिनीवर पडला तरी तिला समजलं नाही. आप्पा उकिडवे बसले होते ते तसेच तिच्याकडे बघत राहिले. माझी बहीण, जिच्यासाठी मी सासुरवाशीण म्हणून मनातल्या मनात रडत होते, ती सुट्टीच्या दिवशी मसाटला वापीच्या पोरांशी शर्यती लावत होती! मला राग आला, भीती वाटली आणि सगळ्यात जास्त म्हणजे मला हे तिने सांगितलं नाही याचं अतोनात दुःख झालं.

मग दाजी बोलले, तुटक तुटक. पहिल्यांदा ते स्वतःच गेले होते, मित्रांच्या नादाने. त्यांच्या वजनाला गाडी उचलायची नाही, सुटतानाच मागे पडायचे. अक्का कडेला डबा घेऊन उभी असायची. एकदा ती म्हणाली, तुम्ही दांडा टाकून देता, असा नाही सोडायचा. त्यांनी थट्टेत म्हटलं, मग तू सोड. त्यांचा शर्ट, त्यांची पँट पायात दुमडून, डोक्यावर हेल्मेट. सगळ्यांनी तिला त्यांचा धाकटा भाऊ समजलं. आणि एकदा झालं ते मग थांबलं नाही. घरी सांगून निघायचे की देवदर्शनाला जातो. तिचा हात कितीही हलका असला तरी कंपनीचा क्लच तो, शेवटी जळालाच. तिला परत पाठवलं तेव्हा आपण खरं बोललो असतो तर तिची अब्रू गेली असती, म्हणून गप्प राहिलो, असं ते म्हणाले. "देवदर्शनले?" विहीणबाई एवढंच म्हणाल्या, अगदी खालच्या आवाजात.

आप्पा उठले. शिकवलं त्यांनी, दांडा हातात दिला त्यांनी, झाकण उघडलं तेही त्यांनीच. हे सगळं त्यांच्या ध्यानात आलं असणार, मला त्यांच्या तोंडावरून दिसलं. त्यांनी आम्हा बहिणींना कधी बोट लावलं नव्हतं. ते अक्कासमोर गेले आणि त्यांनी तिच्या थोबाडीत मारली. इतक्या जोरात, की तिच्या गालावर काळ्या तेलाची बोटं उठली. तिने हातही वर केला नाही. त्यांनी पुन्हा हात उचलला.

"बस, याही!"

विहीणबाई मध्ये येऊन उभ्या होत्या. चटईवरून कधी उठल्या ते कोणालाच कळलं नाही. माझ्या खांद्याएवढी बाई, पदर कमरेला खोचलेला. "तिले हात लावानं काम नही. ती आते आमना घरनी शे. मारनं व्हई तर आम्ही मारसूत, नहीतर कोनी नही." आप्पांचा हात खाली आला. विहीणबाईंनी स्वतःच्या पदराने अक्काच्या गालावरचं तेल पुसायला घेतलं, ते पुसलं गेलं नाही, आणखी पसरलं. मग त्या दाजींना म्हणाल्या, "पेटी आन तिनी." व्याही वहाण पायात घालत पुटपुटले, "अन् गाडी?" त्यांच्याकडे न बघताच विहीणबाई म्हणाल्या, "गाडी आठेच ऱ्हाऊ द्या. सूनले ली चाला."

ज्या गाडीसाठी सून परत पाठवली होती, ती गाडी ठेवून त्या सून घेऊन निघाल्या. यात माया किती होती आणि 'आमची वस्तू आहे' हा हक्क किती, याचा मी इतकी वर्षं विचार करतेय. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांच्या पाया पडावंसंही वाटत होतं. आप्पा आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले, निरोपालाही बाहेर आले नाहीत. त्या थपडेबद्दल ते पुढे कधी एक अक्षर बोलले नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही. माय रडत रडत मांडे फडक्यात बांधत होती. विहीणबाईंनी ते गाठोडं नको न म्हणता घेतलं.

मी पेटी पोचवायला रिक्षापर्यंत गेले. व्याही पुढे चालकाशेजारी बसले होते, तोंड फिरवून. विहीणबाई मागे बसल्या, गाठोडं मांडीवर. दाजी आणि अक्का बाहेर उभे होते, कोणी आधी बसावं हे न कळून. विहीणबाईंनी इकडे तिकडे पाहिलं, पुढे वाकल्या आणि अक्काला हळूच विचारलं, "कितला जनेस्ले हराडं तू?"

अक्काने मान खाली घातली. तिचा गाल सुजायला लागला होता.

"समदास्ले," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "यास्ले बी."

विहीणबाईंनी आपल्या मुलाकडे डोक्यापासून पायापर्यंत एकदा पाहिलं आणि सरकून अक्काला शेजारी जागा केली.